रक्तातला चुकलेला जागल्या



आपल्या कड्यात एक सून आहे. नाव सांगत नाही. तिला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पोट पडले. घरात बोलणी सुरू झाली. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे पायगुण वाईट. दुसरी बायको पाहण्यापर्यंत गोष्ट गेली. आम्ही इतकी वर्षे शाळा शिकवली, पण तेव्हा आम्हीही गप्प बसलो.

मग एक दिवस तिचा डावा पाय सुजला. पोटरी गरम, दुखरी. सासूबाई तेल लावून चोळायला बसल्या. थोरल्या जावेने अडवले, बरे झाले! शिरेत रक्ताची गुठळी होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती, तर जिवावर बेतले असते.

बोट कापले की रक्त वाहते, मग थिजते. पाट फुटला की आपण चिखलाचा गोळा लावतो ना, तसेच. पण पाट धड असताना कोणी मधेच गोळा टाकला, तर पुढच्या वाफ्याला पाणी मिळेल काय? रोगजंतूंशी लढायला रक्तात जागले असतात. कधी ते चुकतात, घरच्यांनाच चोर समजतात. मग धड शिरेतही रक्त थिजते. वारेत असा बिघाड झाला, की बाळाचे पोषण तुटते. मेंदूत गुठळी झाली, तर ऐन जवानीत लकवा होतो. पुरुषही यातून सुटत नाहीत.

लंडनच्या डॉक्टर ह्यूजेस यांनी १९८३ साली हा रोग नीट ओळखून मांडला. नाव अवघड आहे : अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. पाठ करू नका, कागदावर लिहून ठेवा.

नगरला तिचे रक्त तपासले. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले, कारण साध्या आजारानंतरही थोडे दिवस असा दोष दिसतो. दोन्ही वेळा दोष निघाला. रक्त लवकर थिजू नये म्हणून गोळी सुरू झाली. ती गोळी पोटातल्या बाळाला बाधते. म्हणून मूल हवे म्हणताच डॉक्टरांनी औषध बदलले. हेपॅरिनची सुई आणि ॲस्पिरिनची लहान गोळी. रोज पोटावर सुई! पोर रडली, पण एक दिवस चुकवला नाही.

प्रत्येक पोट यानेच पडते असे नाही. पण पुन्हा पुन्हा पडले, तर डॉक्टरांना ही तपासणी विचारा.

तिला मुलगी झाली. आता अंगणवाडीत जाते. आई अजून एस.टी.ने नगरला रक्त तपासायला जाते. गोळीची वेळ झाली, की सासूबाईच हाक मारतात.