बसालेलचे वारस

शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांवरून आलेल्या माझ्या मुलामुलींनो,

दाराशी सुपं, टोपल्या, इरली मांडली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकून ती तुमच्यापैकीच काहींनी विणली. एखादी टोपली हातात घेऊन बघा. काठ दुहेरी वळवून घट्ट बांधलाय आणि कामट्यांची आतली बाजूही कोयत्याने तासून गुळगुळीत केलीय. भाकरी काढताना आईच्या हातात कुसळ जाऊ नये, एवढ्यासाठी! मला त्या तासण्यात प्रार्थना दिसते.

बायबलही हेच सांगतं. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात देव मोशेला म्हणतो, बसालेल या कारागिराला मी माझ्या आत्म्याने भरलंय. काम काय, तर सोनं-रुपं घडवणं, रत्नं कोंदणं, लाकूड कोरणं. ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ असं ज्याला ऐकून घ्यावं लागतं, त्याने हा अध्याय आज घरी मोठ्याने वाचावा.

आपल्या महाराष्ट्रातही हातच्या कलेतून अशी सेवा घडलेली आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विणकाम शिकवलं, छापखानाही त्यांच्या हाती दिला. हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे तिथल्याच मुली-बायकांनी जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या; ग्रंथ १९२४ मध्ये पुरा छापून झाला. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली मरियम रंगवली. टीका झाली, तरी कुंचला थांबला नाही.

वारली चित्रकलेबद्दल एक कळकळीचं सांगणं. लग्नघराच्या भिंतीवरचा देवचौक ही वारली समाजाची श्रद्धा आहे. रेषा, त्रिकोण, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग जरूर शिका. पण देवचौक उचलून नाताळच्या भेटकार्डावर डकवू नका. तुम्ही जगता ते रंगवा. नाताळात आपली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर असतात. तिथल्या खोपटात जन्मलेला बाळ येशू कोण काढेल? मला तो बघायचाय.

दुपारी बांबूकाम शिकवायला गावोगावच्या कारागीर मावश्या आणि आजोबा येणार आहेत. त्यांना ‘गुरुजी’ म्हणा, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसा आणि कोयता जपून धरा. आता संमेलनाध्यक्षांनी उद्घाटन करावं, ही विनंती.