खरे प्रेम कशाला म्हणावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. चूकभूल पदरात घ्यावी.

आपले कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर. एकनाथ महाराजांनी १५७१ साली काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' पुरे केले. मुलीला चांगले स्थळ मिळावे म्हणून आपण तिला ती पोथी वाचायला लावतो. मीही माझ्या लेकीला लावली. आणि एके दिवशी तिने माझ्यासमोर येऊन सांगितले, की तिने आपला नवरा स्वतः निवडला आहे. मुलगा आर्वीकडचा, शिकलेला, पण दुसऱ्या समाजाचा. मी कपाळावर हात मारून रडू लागले. तेव्हा ती म्हणाली, "आई, तूच मले पोथी वाचाले लावली. मंग आता काहून रडतं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी तीच पोथी पुन्हा उघडली. इतकी वर्षे मी ती पुण्यासाठी वाचली होती, अर्थासाठी नाही.

रुक्मीने बहिणीचे लग्न शिशुपालाशी ठरविले. तिने ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र पाठविले. भागवतात ते सात श्लोकांचे आहे. आपण म्हणतो, पत्रात तिचे कृष्णावरचे प्रेम आहे. ते आहेच. पण तिने आणखी एक गोष्ट लिहिली. तुम्ही मला राजवाड्यातून न्याल तर माझी माणसे मारली जातील, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येईन, तिथून न्या. पुढे रुक्मी चालून आला, कृष्णाने त्याला पकडले, तेव्हा तिनेच पाया पडून भावाचा जीव वाचविला. ज्या भावाने तिचे ऐकले नाही, त्याचा!

बायांनो, मला इथे खऱ्या प्रेमाची खूण सापडली. एकावर जीव जडला म्हणून बाकीच्यांवरची माया आटत असेल, तर तो नुसता हट्ट होय. आणि आईबापांची माया "आमचे ऐकशील तरच" असे म्हणत असेल, तर तीही माया नव्हे, तो सौदा झाला.

मी लेकीच्या वडिलांना हे सांगितले. ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "पोरगं पाहून तर येऊ." आम्ही नदी ओलांडून गेलो. घर साधे होते. मुलाने स्वतः पाणी आणून दिले, आईला बसविले आणि मग आपण बसला. लग्न नोंदणी पद्धतीने झाले.

सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. माझा मुलगा अजून बहिणीशी बोलत नाही. ती दर वर्षी राखी पाठविते. तो पाकीट फोडत नाही, पण फेकीतही नाही. देवाच्या फळीवर तीन पाकिटे ठेवलेली आहेत. मी ती रोज पुसते आणि वाट पाहते. वाट पाहणे हेही प्रेमच.

शेवटी एकच सांगते. आषाढीला आपल्या गावची पालखी रुक्मिणीमातेच्या भेटीला पायी पंढरपूरला जाते. १५९४ पासूनची ही परंपरा सांगतात. जी लेक घरच्यांनी ठरविलेले लग्न मोडून गेली, तिच्याकडे तिचे माहेर इतकी वर्षे चालत जात आहे. मग आपल्या लेकीसाठी आपल्याला उंबरठा ओलांडवत नाही का? पालखीपुढे हात जोडताना प्रत्येकीने हे मनाला विचारावे.