परमप्रसर: मिरजेच्या तारेवर मोजलेला

एखादी वस्तू समतोल स्थानापासून जितकी दूर जाते तितक्याच प्रमाणात वाढणारे आणि तिला त्याच स्थानाकडे परत ओढणारे बल तिच्यावर कार्य करते, तेव्हा तिच्या आंदोलनास सरल हरात्मक गती म्हणतात. या गतीच्या अभ्यासात विस्थापन आणि आयाम या दोन राशींची गल्लत वारंवार होते, कारण दोन्ही समतोल स्थानापासूनच मोजल्या जातात. विस्थापन म्हणजे त्या क्षणी वस्तू कोणत्या बाजूला किती दूर आहे ते, आणि आयाम म्हणजे त्या विस्थापनाची कमाल मर्यादा. पाठ्यपुस्तकांत ‘आयाम’ रूढ असला, तरी वाईत आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशातील ‘परमप्रसर’ हा शब्द, उच्चारायला काहीसा जड असूनही, अधिक नेमका वाटतो. त्याची व्याख्या त्याच्या पोटातच आहे.

मिरजेच्या तंबोऱ्यावर, ज्याला 2024 साली सतारीसह भौगोलिक मानांकन मिळाले, विस्थापन आणि परमप्रसर यांतला भेद उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. जोडाची तार (मधल्या दोन तारांपैकी एक) छेडताच ती एक रेघ न राहता मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी धूसर पट्टी दिसू लागते. या पट्टीची अर्धी रुंदी हाच त्या त्या ठिकाणचा परमप्रसर होय. मूळ स्वरापुरते पाहिले, तर तारेच्या मध्यावर तो 2 मिलिमीटर असताना पाव लांबीवर सुमारे 1.4 मिलिमीटर भरतो, आणि घोडीपाशी जवळजवळ शून्य होतो. विस्थापन मात्र डोळ्याच्या हाती लागत नाही, कारण ते क्षणोक्षणी बदलते, एका बाजूस धन तर दुसऱ्या बाजूस ऋण धरले जाते. सोयीसाठी सेकंदाला 100 आंदोलने मानली आणि परमप्रसर तेवढाच टिकला असे धरले, तर तारेचा मध्यबिंदू सेकंदात 80 सेंटिमीटर वाटचाल करतो, पण 2 मिलिमीटरांपलीकडे एकदाही जात नाही. शिवाय विस्थापन शून्य असते त्या क्षणी तो थांबलेला नसतो, उलट तेव्हाच त्याचा वेग सर्वाधिक, सेकंदाला सुमारे सव्वा मीटर असतो.



नाद विरत जातो तसा परमप्रसर घटतो, पण स्वर उतरत नाही, कारण अंतर वाढले की ओढही त्याच प्रमाणात वाढत असल्याने लहान आणि मोठ्या आंदोलनांना सारखाच वेळ लागतो. या नियमालाही मर्यादा आहे: तार जोराने ओढून सोडल्यास तिच्यातील ताण क्षणभर वाढतो, स्वर किंचित चढा निघतो आणि परमप्रसर ओसरल्यावरच जागेवर येतो. म्हणूनच तंबोरा जुळवताना तार हलक्या बोटाने छेडली जाते.