श्वानगंध आणि शेजारधर्म

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या सुवर्णमहोत्सवी वर्षात याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर आणि मराठ्यांच्या दक्षिणेतील इतिहासावर विद्वत्तापूर्ण भाषणे झाली. त्या पंक्तीत आम्ही कुत्र्याच्या वासाचा विषय घेऊन उभे राहावे, हे अनेकांस विपरीत वाटेल. आमच्या चिटणीसांनी तर विषय ऐकून आम्हांस दोनदा विचारले, की ऐकण्यात काही चूक तर होत नाही ना? चूक होत नव्हती. जी गोष्ट प्रत्येक जण जाणतो, परंतु सभ्यतेपोटी कोणीच बोलत नाही, ती एकदा सभेत बोलली जावी एवढाच आमचा हेतू आहे. आम्ही पशुवैद्य नव्हे, वकीलही नव्हे. साधे बी. ए. असून सरकारी नोकरीत केस पिकलेले गृहस्थ आहो. तेव्हा अधिकारवाणीची अपेक्षा ठेवू नये; अनुभव मात्र पदरचा आहे.

शिवाय हे म्हैसूर आहे. १९१६-१७ च्या सुमारास नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराज आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात चंदनतेलाचा उद्योग ज्या संस्थानात उभा राहिला, जेथील मल्लिगेची आणि उदबत्तीची कीर्ती सर्वत्र पसरली, त्या सुगंधाच्या नगरीत आपण राहतो. प्लेगने पोळल्यानंतर १९०३ साली या शहराने नगर सुधारणा मंडळ स्थापन केले, रुंद रस्ते आखले, घरांस मोकळी हवा मिळावी असा विचार केला. हवा ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ही जाणीव या शहरास शंभर वर्षांपूर्वी झाली होती. आम्हांस ती जरा उशिरा झाली.

हकीकत अशी. चिरंजीव शिक्षणासाठी पुण्यास गेले, कन्या विवाहानंतर इंदुरास गेली, आणि बदलीच्या गावी चार खोल्यांत आम्ही दोघेच उरलो. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ही स्थिती सांगण्याची गरज नाही. अशा एका पावसाळी संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतींनी फाटकापाशी कुडकुडणारे एक गावठी पिल्लू पदराखाली घेऊन घरात आणले. नाव ठेवले मोत्या. महिन्याभरात घर पुन्हा नांदते झाले. आम्ही कचेरीतून परतलो की दाराशी कोणीतरी वाट पाहत असते, हे सुख ज्याने अनुभवले नाही त्याला कुत्रा पाळणारे लोक वेडे वाटणारच.

आपल्या मंडळाचे मासिक भजन सभासदांच्या घरी आळीपाळीने होते. मोत्या आल्यानंतर आमची पाळी येई, परंतु काही ना काही अडचण निघून भजन दुसऱ्याच घरी होई. चैत्रातील हळदीकुंकवाला येणाऱ्या भगिनी दारातूनच वाण घेऊन, घाईचे निमित्त सांगून परतू लागल्या. दोन वर्षे हा क्रम चालला आणि आम्हांस त्याचा उलगडा झाला नाही. मग सोलापूरहून आमच्या थोरल्या ताई आल्या. उंबरठ्यात पाऊल ठेवताच थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, घरात कुत्र्याचा केवढा वास मारतोय! देवघरातसुद्धा! तुम्हांला येत नाही का रे?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. खरोखरच आम्हांस येत नव्हता.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आणि त्याला कारण केवळ भजन नव्हते. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त कन्नड शिक्षक राहतात. त्यांच्या पत्नीला दम्याचा विकार. वर्षभरापूर्वी ते जिना चढून वर आले होते आणि अत्यंत सौम्य शब्दांत कुत्र्याविषयी काही सांगू लागले होते. आम्ही त्यांना बसावयास खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि मग सरकारी टिपणी लिहावी तशा स्वरात सुनावले की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे कोणत्याही रहिवासी संघास पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, बहुमत असले तरीही. ते बिचारे "बंदी नको, सार," एवढे म्हणून उठले. त्यानंतर त्यांच्या आमच्या बाजूच्या खिडक्या बंद झाल्या, त्या उघडल्या नाहीत. आम्ही त्याचा अर्थ 'प्रकरण निकालात निघाले' असा लावला होता.

आता प्रथम वासाचा विचार करू. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून येतो. परंतु त्याच्या त्वचेतील ग्रंथी तेलकट द्रव्य सोडतात आणि त्यावर सूक्ष्म जंतू व एक प्रकारची बुरशी पोसली जाते. त्यांच्या उद्योगातून उग्र वासाची द्रव्ये निर्माण होतात. अंग भिजले की पाण्याच्या वाफेबरोबर ती हवेत पसरतात. म्हणूनच पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास घरभर दरवळतो. याखेरीज दातांवरचे कीटण, कानातील संसर्ग आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथी ही वासाची आणखी तीन उगमस्थाने. एकाएकी वास वाढला तर तो बहुधा आजाराचा निरोप असतो, आणि त्यावर अत्तर शिंपडणे म्हणजे तारेचा कागद न वाचता फाडून टाकणे होय.

घरच्यांना वास का येत नाही, याचेही कारण आहे. नाकाला सतत एकच गंध मिळत राहिला की मेंदू त्याची नोंद घेणे सोडून देतो. ही निसर्गाची सोय आहे; परंतु तिच्यामुळे घरमालक हा आपल्या घराच्या वासाचा सर्वात अविश्वसनीय साक्षीदार ठरतो. येथे आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. दमेकऱ्यास त्रास होतो तो मुख्यतः कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि नाकालाही कळत नाहीत. पण गाद्या, पडदे, सतरंज्या यांत महिनोगणती टिकतात. म्हणजे वास घालविला की शेजाऱ्याचा दमा गेला, असे समजण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की वासावर जो इलाज, त्याचा बराचसा भाग कोंड्यावरही लागू पडतो.

इलाज साधे आहेत. मोत्याला माणसाच्या साबणाने घालीत असलेली रोजची आंघोळ आम्ही बंद केली. माणसाची त्वचा व कुत्र्याची त्वचा यांचे आम्लमान भिन्न असल्याने आपला साबण त्याची कातडी कोरडी करतो व खाज वाढवितो. पशुवैद्यांनी सांगितलेल्या द्रव्याने बेताने स्नान, नंतर अंग पूर्ण कोरडे करणे, रोज घराबाहेर नेऊन केस विंचरणे, त्याचे अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात टाकणे, दात आणि कान तपासून घेणे, सतरंज्या उचलून फरशी ओल्या फडक्याने पुसणे, आणि देवघर व पाहुण्यांची खोली त्याला वर्ज्य करणे, एवढ्याने तीन महिन्यांत फरक पडला. अर्थात त्याचा दाखला आम्ही आमच्या नाकाकडून घेतला नाही. ताईंना पुन्हा बोलाविले. त्या दिवाणखान्यात बसल्या व म्हणाल्या, "आता चहा टाक."

आता दुसरा प्रश्न: कुत्रा पाळण्यास परवाना असावा काय? आमच्या शेजाऱ्यांसारख्यांना दाद मागावयाची तर कोठे? परवाने देण्याघेण्याच्या जगात आमचे आयुष्य गेले असल्याने या शब्दाविषयी आम्हांस ना भीती आहे ना भक्ती.

ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात १७९६ साली कुत्र्यांवर कर बसला आणि १८६७ पासून परवाना आला. पुढे त्याचे शुल्क साडेसात शिलिंगांवर, म्हणजे नव्या नाण्यांत ३७ पेन्सांवर, येऊन थांबले ते थांबलेच. वसुलीचा खर्च उत्पन्नाहून जड झाला, लोकही तो काढीनासे झाले आणि १९८७ साली ग्रेट ब्रिटनमध्ये परवाना रद्द झाला. जर्मनीत मात्र नगरपालिका आजही श्वानकर घेतात. आपल्याकडे मुंबई व पुण्यात कुत्रा पाळण्यासाठी पालिकेचा परवाना लागतो. तो किती घरांत सापडेल, हे श्रोत्यांनीच आपापल्या आप्तांना विचारून पाहावे. बंगळूरास २०१८ मध्ये सदनिकेत एकच व स्वतंत्र घरात तीनच कुत्री, असा नियम आला; पण विरोध इतका झाला की त्याची अंमलबजावणी थांबवावी लागली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने काही जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी परिपत्रक काढले, ते पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले.

श्वानविषयक हुकूम लोकांच्या मनाविरुद्ध गेला म्हणजे काय होते, याचा धडा आपल्या मुंबईनेच दिलेला आहे. उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा इंग्रजांचा नियम होता आणि शिपायांना प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभाने ते पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजाच्या पवित्र दिवशी लोक खवळले, दुसऱ्या दिवशी इतर समाजही सामील झाले आणि बाजार बंद पडला. त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई व शेठ अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. हुकूम विस्मरणात गेला, पांजरपोळ राहिला.

आपल्या परंपरेचा कलही तसाच आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत. कोरडी भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. ज्या प्रांतात आपण राहतो त्याच कर्नाटकातील मुधोळ संस्थानच्या घोरपडे या मराठा राजघराण्याने शिकारी कुत्र्यांची एक देशी जात जोपासली, आणि २००५ साली ती भारतीय टपाल तिकिटावर झळकली. मराठी माणूस व कानडी मुलूख यांचे नाते सांगणारा असा चार पायांचा दुवा दुसरा नाही. महाभारतात मात्र इंद्र युधिष्ठिराला बजावतो की कुत्रे बाळगणाऱ्यास स्वर्गात स्थान नाही. युधिष्ठिराने कुत्र्याला सोडले नाही, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु त्याच्या खालच्या मजल्यावर कोणी दमेकरी राहत नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

मग आमचे मत काय? परवाना म्हणजे 'कुत्रा पाळण्याची परवानगी' असेल तर आम्ही त्याच्या विरुद्ध आहो. त्याने श्रीमंताचे काही अडत नाही. झोपडीच्या दाराशी बांधलेला गरिबाचा कुत्रा मात्र बेवारशी ठरतो. आणि वास तपासावयास निरीक्षक घरोघरी नाक घेऊन फिरू लागले, तर त्या वासाचा दर काय ठरेल हे आमच्यासारख्या जुन्या नोकरास सांगावे लागत नाही. परंतु परवाना म्हणजे 'जबाबदारीची नोंद' असेल, तर ती सक्तीचीच असावी. कुत्रा कोणाचा, त्याला रेबीजची लस केव्हा टोचली, निर्बीजीकरण झाले की नाही, एवढे नोंदवावे. शुल्क नाममात्र असावे. रेबीजची लक्षणे एकदा प्रकट झाली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जगातील अशा मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. येथे व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा उभा राहत नाही. भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयास २०२५ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा नोव्हेंबरमध्ये आदेश द्यावे लागले. त्या भटक्यांत कालपर्यंत कोणाच्या तरी घरी लाडकी असलेली, मग बदलीच्या वेळी मागे सोडलेली कुत्री किती असतील? आपण बदलीचे लोक आहो. हा प्रश्न प्रथम आपल्याला आहे.

वासाचे काय? त्याला परवाना नाही व कायदाही नाही. तेथे शेजारधर्म हवा, आणि तो दोन्ही बाजूंनी हवा. ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याने वर्षातून दोनदा तरी बाहेरच्या माणसास स्पष्ट विचारावे. आणि ज्याला विचारले त्याने खरे सांगावे. दोन वर्षे पाळी टाळून आपण आमचा मान राखलात, याबद्दल आम्ही आभारी आहो. परंतु पहिल्याच महिन्यात कोणी बाजूस घेऊन सांगितले असते, तर एक दमेकरी वृद्धा वर्षभर बंद खिडक्यांआड राहिली नसती. गावाकडे हे काम आत्या, मावश्या, ताई करीत असत. परप्रांतात ते नाते मंडळानेच निभवावे लागेल.

म्हणून दोन लहान सूचना. दर वर्षी २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनी, मंडळाने पशुवैद्यांच्या साहाय्याने लसीकरणाचे शिबिर भरवावे व ते केवळ मराठी घरांपुरते नसावे. आणि त्याच दिवशी मुलांना शिकवावे की कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब इस्पितळ गाठावे.

शेवटी एक सांगून पुरे करतो. ताईंच्या भेटीनंतर आम्ही जिना उतरून खाली गेलो आणि क्षमा मागितली. शिक्षकमहाशयांनी बसावयास खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि म्हणाले, "सार, वासाचे फारसे काही नव्हते. तुम्ही ऐकून घेतले नाही, त्याचे वाईट वाटले." त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आता मोत्याचे केस आम्ही मागच्या अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून विंचरतो. गेल्या महिन्यापासून खालची एक खिडकी सकाळी उघडी असते. दुसरी अद्याप बंद आहे.

पुढच्या भजनाची पाळी आमची आहे. सर्वांनी अवश्य यावे, आणि आत आल्यावर काय वाटले ते स्पष्ट सांगावे.