डोळ्यातला वडस

मी वैद्यक शिकलेला नाही. महाविद्यालयात संस्कृत शिकवतो. तरीही आज डोळ्याच्या एका विकाराविषयी बोलायला बसलो आहे, याला कारण आमचे तात्या. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. राहणार येडगाव, तालुका जुन्नर. कुकडीवरच्या धरणाच्या पाण्याजवळ त्यांचं रान आहे. सारा जन्म त्यांनी ऊन, वारा आणि धूळ यांत काढला. दुपारच्या वेळी पाण्यावरून येणारी तिरीपही डोळ्यांनी सोसली.

त्यांच्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, पांढऱ्या भागावर एक तांबूस, मांसल त्रिकोण वाढत होता. त्याचं टोक बुबुळाकडे. यालाच आपल्याकडे वडस म्हणतात. कोणी ‘डोळ्यात मांस वाढलं’ असंही म्हणतं. मोतीबिंदू तो हा नव्हे. मोतीबिंदू बुबुळाच्या मागे, डोळ्याच्या भिंगात होतो. वडस वरून, बाहेरून सरकत येतो; आरशात पाहिलं तर आपला आपल्याला दिसतो.

मी म्हटलं, “तात्या, शस्त्रक्रिया करून घ्या.” तर म्हणाले, “एकदा कापून बघितला की! आठ महिन्यांत व्हता तसा झाला, वरनं जास्तच. वडसाला लोखंड लावू नये बाबा.”

हे मी आधी अडाणीपणाचं बोलणं समजलो. पण तात्या सांगत होते ते खरं होतं. काही वर्षांपूर्वी एके ठिकाणी त्यांचा वडस नुसता कापून जागा तशीच मोकळी ठेवली होती. तो परत आला. अशी गोष्ट गावात एकाची घडली की दहा जण दवाखान्याची वाट सोडतात. मग पाल्याचा रस, मध, नाहीतर वडस ‘काढून देणारा’ कोणीतरी माणूस. असल्या उपायांनी वडस जात नाही. डोळ्यात जखम होऊन पू मात्र होऊ शकतो.

माझ्या सवयीप्रमाणे मी सुश्रुतसंहिता उघडली. सुश्रुतानं डोळ्याच्या पांढऱ्या भागाचे अकरा रोग सांगितले आहेत. त्यांत पाच प्रकारचे ‘अर्म’ आहेत. अर्म म्हणजे आपला वडसच. उत्तरतंत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याची शस्त्रक्रिया आहे. रोग्याला स्निग्ध जेवण घालून बसवायचं, मिठाच्या चूर्णानं अर्म चाळवायचं, शेक द्यायचा. मग त्याला डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे पाहायला सांगायचं आणि जिथं वळी पडेल तिथं आकड्यानं अर्म उचलून धारदार शस्त्रानं सोडवायचं. भूल देण्याची आजची साधनं नव्हती तेव्हाचं हे वर्णन आहे. वाचताना माझ्याच डोळ्याला पाणी आलं. पण पुढची दोन वाक्यं मला फार मोलाची वाटली. नाकाकडचा कोपरा कापला गेला तर रक्त वाहतं आणि तिथं नाडीव्रण होतो, हे एक. कमी कापलं तर अर्म लवकरच पुन्हा वाढतं, हे दुसरं. म्हणजे तात्यांची तक्रार दोन हजार वर्षांच्या आसपासची जुनी निघाली!

मग तात्यांना घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बुबुळाच्या कडेला जिवंत पेशींचं एक कुंपण असतं. ते पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा बुबुळावर चढू देत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे कुंपण दुबळं होतं आणि त्वचा आत घुसते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात वडस जास्त आढळतो. आपलं जुन्नर पडतं १९ अंशांवर. नाकाच्या बाजूलाच का? तर कानाकडून तिरपा आलेला उजेड बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यातून वळतो आणि नाकाकडच्या कडेवर एकवटतो, असा त्याचा एक खुलासा आहे. मला तो पटला.

आता मुख्य गोष्ट. नुसता वडस कापून खालची जागा उघडी ठेवली तर तो पुष्कळ जणांना पुन्हा होतो. काही पाहण्यांत तर निम्म्याहून अधिक जणांना. म्हणून हल्ली त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखाली, जिथं ऊन पोचत नाही तिथली, कागदाहून पातळ त्वचा काढून त्या उघड्या जागेवर बसवतात. अमेरिकेतले डॉ. केनियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ साली या पद्धतीचा अनुभव प्रसिद्ध केला. ५७ डोळ्यांपैकी फक्त ३ डोळ्यांत वडस परतला होता. हे कलम बारीक टाक्यांनी शिवतात, नाहीतर रक्तातल्या द्रव्यापासून केलेल्या डिंकासारख्या पदार्थानं चिकटवतात.

तात्या सगळं ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी बांधावरची हरळी म्हणा की. खणून काढली अन् जागा मोकळी सोडली, की परत तीच येती. तिथं दुसरं काहीतरी लावायला पायजे.” डॉक्टरीणबाई हसल्या. विद्यार्थ्यांना सांगायला हा दाखला चांगला आहे, म्हणाल्या.

प्रत्येक वडस कापायचा नसतो. लहान असेल, टोचत नसेल, नजरेला अडथळा नसेल तर तो तसाच ठेवून दर वर्षी तपासतात. बुबुळाच्या मधोमध सरकू लागला, किंवा बुबुळाला ओढ बसून अक्षरं वेडीवाकडी दिसू लागली, की काढावा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर मोठा वडस बहुधा आधी काढतात. नाहीतर बसवायच्या भिंगाचं माप चुकतं. आणि वाढलेलं मांस विचित्र दिसलं, भराभर पसरलं, तर तो वडस नसून वाईट गाठही असू शकते. तेव्हा तुकडा तपासायला पाठवावाच लागतो.

तात्यांच्या डोळ्याला सुईनं भूल दिली. अर्ध्यापाऊण तासात काम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा डोळा जास्वंदीसारखा लाल, आणि घरातल्या बायका घाबरल्या. तीन आठवड्यांत लाली उतरली. खरी परीक्षा थेंबांची होती. स्टेरॉइडचे थेंब सांगितले तितकेच दिवस घालायचे. पण बाटली संपली की माणसं दुकानातून आपल्या मनानं दुसरी आणतात. त्यानं डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. ते काम आम्ही शाळेत जाणाऱ्या नातवावर सोपवलं. तो वहीत रोज खूण करी आणि आजोबांना दटावीही.

आपल्या भागात यासाठी आता फार लांब जावं लागत नाही. नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांनी उभारलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या डोळ्यांसाठी आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांना २०२४ साली पद्मश्री मिळाली.

तात्यांच्या शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं. वडस परत यायचा तर बहुधा पहिल्या वर्षात येतो, आलेला नाही. डाव्या डोळ्यात बारीकसा आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. रानात जाताना तात्या आता रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा घालतात. पारावरची मंडळी त्यांना सिनेमावाले म्हणतात. “म्हणू द्या,” तात्या म्हणतात, “माझा डोळा हाय.”