गहू एकत्र विकायचा की ज्याचा त्यानं?



आज संध्याकाळी कणीक मळायला घ्याल तेव्हा पिठाच्या पिशवीकडे जरा बघा. इथे कॅनडात आपल्या घरी येणारा बराचसा गहू मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत पिकलेला असतो. हा गहू विकायचा कोणी, यावरून तिथल्या शेतकऱ्यांत कित्येक वर्षं वाद चालला. मी स्वतः शेतकरी नाही, आयटी सल्लागार आहे. एमबीएच्या वर्गात 'मक्तेदारी वाईट, स्पर्धा चांगली' असं दोन वाक्यांत शिकवून मोकळे होतात. या वादात मात्र दोन्ही बाजूंना शेतकरीच होते आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅनेडियन व्हीट बोर्ड 1935 साली स्थापन झालं, तेव्हा त्याला गहू द्यायचा की नाही हे शेतकऱ्याच्या मर्जीवर होतं. युद्धकाळात, 1943 मध्ये, गव्हासाठी ते सक्तीचं झालं. पुढे या तीन प्रांतांतला निर्यातीचा आणि माणसांच्या खाण्याचा गहू व बार्ली बोर्डामार्फतच विकावी लागे. ऑन्टारियोच्या शेतकऱ्यांना मात्र हे बोर्ड लागू नव्हतं.

विक्रीची पद्धत अशी. सगळ्यांचा माल एका सामायिक गल्ल्यात. माल घातला की पहिली उचल मिळायची आणि तिला केंद्र सरकारची हमी असायची. वर्षभराची विक्री आटोपली की खर्च वजा करून उरलेले पैसे सगळ्यांना प्रतवारीप्रमाणे वाटले जायचे. समजा, ऑक्टोबरात टनाला 200 डॉलर भाव होता आणि मार्चमध्ये 300 झाला. दोन्ही वेळी सारखाच माल विकला गेला असेल, तर खर्च सोडून सगळ्यांच्या हाती 250 च्या आसपास पडणार. ज्याला कर्जापायी ऑक्टोबरातच माल काढावा लागला त्याचा फायदा. ज्याच्याकडे कोठारं होती आणि थांबायची ताकद होती त्याचं नुकसान.

बोर्डाच्या बाजूचे शेतकरी म्हणत, आमचं शेत समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटर आत. धान्य नेणाऱ्या मोठ्या रेल्वे कंपन्या दोन, खरेदी करणाऱ्या बड्या कंपन्या मोजक्या. त्यांच्यापुढे एकटा शेतकरी काय घासाघीस करणार? सगळे मिळून एकच विक्रेता झालो, तर समोरच्याला आमच्याशी बोलावंच लागेल.

विरोधक म्हणत, जमीन माझी, बियाणं माझं, कर्ज माझ्या नावावर. मग माल विकायचा हक्क दुसऱ्याचा कसा? सीमेपलीकडे अमेरिकेत त्या दिवशी चांगला भाव दिसतोय, तिथे ट्रक का नेऊ नये? काहींनी परवान्याशिवाय ट्रक खरंच नेले. 2002 मध्ये अल्बर्टातल्या लेथब्रिजला तेरा शेतकरी दंड भरण्याऐवजी तुरुंगात गेले.

आपल्यातल्या विदर्भ-खानदेशच्या श्रोत्यांना हे ओळखीचं वाटेल. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच घालायचा. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका हा तिचा हेतू. पण शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रातोरात सीमेपार जायचा, आणि तिकडे पडला की तिकडचा इकडे यायचा. चुकाऱ्यासाठी ताटकळावं लागे ते वेगळंच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं कापसाच्या या प्रांतबंदीला कडाडून विरोध केला. अखेर 2002 मध्ये खासगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली.

दोन्हींत एक मोठा फरक होता. कॅनडातला गल्ला बाजारात आलेल्या पैशांची सरासरी वाटायचा. आपल्याकडे हमीभाव सरकार ठरवायचं, त्यात निवडणुकीचं गणितही शिरायचं, आणि बाजारभाव त्याखाली गेला की तोटा राज्याच्या तिजोरीवर पडायचा. म्हणून 'एकत्र विक्री फसतेच' असा निष्कर्ष आपल्या कापसावरून काढायला मी तयार नाही.

आता कॅनडात शेवट कसा झाला ते सांगतो, कारण मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच. 1998 पासून बोर्डाच्या पंधरा संचालकांपैकी दहा शेतकरी स्वतः निवडत. 2011 मध्ये बोर्डानं मतदान घेतलं. गहू पिकवणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांनी आणि बार्लीवाल्यांपैकी 51 टक्क्यांनी एकत्र विक्री ठेवावी असं सांगितलं. दोन्ही मार्ग खुले ठेवण्याचा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता, हा विरोधकांचा आक्षेपही रास्त होता. पण सरकारनं तो पर्याय घालून स्वतः मतदान घेतलं नाही. त्याच डिसेंबरात कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 2012 पासून सक्ती संपली. 2015 मध्ये बोर्डाचा बहुसंख्य हिस्सा एका अमेरिकी धान्य कंपनीच्या आणि सौदी अरेबियाच्या गुंतवणूक कंपनीच्या संयुक्त उपक्रमाकडे गेला.

खुल्या बाजारात काहींचं भलं झालं. ज्यांना भाव पाहून करार करता येतो, माल साठवता येतो, ते आज खूश आहेत. पण 2013 साली विक्रमी पीक आलं आणि रेल्वे तुंबली. बंदरावरचा भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांतली दरी रुंदावली. शेवटी मार्च 2014 मध्ये दोन्ही रेल्वे कंपन्यांनी आठवड्याला किमान पाच-पाच लाख टन धान्य हलवावं, असा हुकूम सरकारलाच काढावा लागला. बोर्ड असतं तर असं झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. पीकच प्रचंड होतं. पण शेतकऱ्यांच्या वतीनं रेल्वेशी भांडणारा एक मोठा गडी तेव्हा मैदानात नव्हता, एवढं खरं.

माझं मत असं. सक्ती कायमची नसावी, शेतकऱ्याला बाहेर पडायची वाट हवी. पण जी व्यवस्था शेतकऱ्यांच्या मालावर उभी राहिली, ती ठेवायची की मोडायची हे त्यांच्या मतानं ठरायला हवं होतं. धंद्यातला अनुभव सांगतो, विक्रीची यंत्रणा एका सहीनं बंद होते. गिऱ्हाईकांचा विश्वास, अनुभवी माणसं, बोलणी करण्याचं वजन मात्र परत जमवायला पिढी जाते.

तुमच्या गावाकडे सोयाबीन, कांदा, कापूस विकणारं कोणी असेल, तर पुढच्या फोनवर हवापाण्याच्या गप्पा झाल्यावर एवढं विचारा: माल कुठे घातला, भाव कोणी ठरवला आणि पैसे कधी मिळाले? उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यांवर बोलू.

तोपर्यंत नमस्कार.