पोरगं वाचतंय, पण त्याला समजतंय का?

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षणावर दोन शब्द बोला म्हणून सांगितले. आम्ही काही मास्तर नाही. सूतगिरणीच्या साचाखात्यात आमची हयात गेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, दिव्याखाली बसून. पण गेली काही वर्षे संध्याकाळी याच सभागृहात वस्तीतल्या लहान पोरांना घेऊन आम्ही चौघे-पाचजण बसतो. तिथे जे दिसले तेच आज तुमच्यापुढे मांडायचे आहे. पोरांना शिकवा, हे सांगायला आम्ही उभे नाही. ते तुम्ही करताच आहात. पोटाला चिमटा घेऊन वह्या-दप्तर आणता. आमचा प्रश्न एवढाच आहे की, पहिली ते पाचवीचं आपलं पोरगं जे वाचतं, ते त्याला समजतं का?

तुम्ही म्हणाल, आमचा बाळ्या तर खडखड वाचतो. खरं आहे. आणि घोटाळा तिथेच आहे. आपली मराठी लिपी अशी आहे की जसं लिहिलं तसंच बरंचसं वाचायचं. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर एवढं जमलं की कोणताही शब्द मोठ्याने उच्चारता येतो, मग त्याचा अर्थ ठाऊक असो वा नसो. इंग्रजीत नवखा शब्द आला की पोरगं अडखळतं, आणि अडखळलं की आपल्याला कळतं. मराठीत ते अडखळतच नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही. आई भाकरी थापता थापता ऐकते, पोराचा आवाज बंद पडत नाही, म्हणजे अभ्यास चालू आहे असं समजून चालते.

आता एक गंमत करू. आम्ही एक वाक्य सांगतो. "टिमलाने गोपटा लुचकला." आता सांगा, गोपटा कोणी लुचकला? बघा, सगळ्यांनी सांगितलं, टिमलाने. टिमलाने काय लुचकला? गोपटा. शंभरपैकी शंभर गुण! पण टिमला कोण, गोपटा म्हणजे काय, इथे कोणाला ठाऊक आहे? आम्हालाही नाही, कारण शब्द आम्हीच बनवले. धड्याखालच्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं पोरं अशीच लिहितात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा, ती ओळ वहीत उतरवायची, की झालं. बाई बरोबरची खूण करतात, आपण खूष होतो.

मग समजणं म्हणजे काय? तेही उदाहरणानेच सांगतो. आमच्या वर्गासाठी आम्ही तीन ओळी लिहिल्या होत्या. "त्या दिवशी सखूच्या घरची चूल थंडच होती. दिवस मावळायच्या आत आईनं दोघा लेकरांना निजवलं. स्वतः मात्र उंबऱ्यात वाट बघत बसली." चौथीच्या मुलांनी फडाफड वाचलं. लेकरं किती? दोन. आई कुठे बसली? उंबऱ्यात. सगळं बरोबर. मग विचारलं, आईनं एवढ्या लवकर का निजवलं? एक जण म्हणाला, "त्यांना झोप आली म्हणून." दुसरा म्हणाला, "रात्र झाली होती." मागे बसलेली, वाचताना अडखळणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "जागी राहिली तर जेवायला मागतील ना." आम्ही विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "चूल थंड होती की." आणि आई कोणाची वाट बघत होती? "बापाची. पगार घेऊन येत असंल." हे त्यात लिहिलंय का? "न्हाई. ते मी मनानं म्हटलं."

बंधूंनो, वाचन म्हणतात ते हेच. कागदावर काय लिहिलंय ते एक. न लिहिता काय सांगितलंय ते दुसरं. आणि आपण आपल्या मनाने काय जोडलं ते तिसरं. ही तीन खाती ज्याला वेगळी ठेवता येतात त्याला वाचता येतं. त्या मुलीला अजून जोडाक्षरं धड येत नव्हती, पण तिला कळत होतं.

म्हणजे भराभर वाचण्याला किंमत नाही का? आहे. साच्यावर सारखे धागे तुटायला लागले की सांधणाऱ्याचं सगळं लक्ष सांधण्यातच जातं. सूत जाड येतंय की बारीक, बॉबिन कशी भरतेय, हे बघायला त्याला फुरसतच राहत नाही. अक्षराला अक्षर जोडत जाणाऱ्या पोराचं तेच होतं. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून अक्षरओळख पक्की हवीच. गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे गणितासारखं मांडलं. अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा समजण्याची ताकद म्हणजे वाचन. बेरीज नाही, गुणाकार! दोहोंपैकी एक शून्य असलं तर उत्तर शून्यच.

सरकारलाही हे ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'निपुण भारत' सुरू केलं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द वाचावेत असं त्यात लक्ष्य आहे, पण ते अर्थासह वाचावेत असंही आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात, अर्थ मोजायला बसावं लागतं. म्हणून लोक शब्द मोजतात. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल पाहा. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ४९ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आणि ही तपासणी मुख्यतः मोठ्याने वाचता येतं का, याची आहे. त्या ४९ पैकी किती जणांना चुलीची गोष्ट कळली असती, याचा विचार तुम्हीच करा.

एवढा जीव का टाकतो आम्ही? ऐका. एका गिरणीत कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. मराठीतच होता. आमच्या खात्यातल्या एका जुन्या माणसाने तो सगळ्यांना मोठ्याने, एकही शब्द न चुकता वाचून दाखवला. "यापुढे माझा कोणताही हक्क अथवा दावा शिल्लक राहणार नाही." शब्द सगळ्यांनी ऐकले. उरलेली थकबाकीही याच एका ओळीत बुडते, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आलं. सह्या झाल्या. ती माणसं निरक्षर नव्हती. शाळेत गेलेली होती. त्यांना वाचायला शिकवलं होतं, पण "म्हणजे काय हो?" असं विचारायला कोणी शिकवलं नव्हतं. ती सवय नोकरीला लागल्यावर लागत नाही. ती आठव्या-नवव्या वर्षी लागते.

आता घरी काय करायचं ते सांगतो. यासाठी आईबापाला लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही.

पहिलं, पोरगं धडा वाचायला लागलं की आधी नाव आणि चित्र बघून विचारा, "यात काय असंल रे?" चुकलं तरी चालेल. अंदाज बांधला की ते शोधत शोधत वाचतं.

दुसरं, एक परिच्छेद झाला की थांबवा. पुस्तक मिटायचं आणि "आता तुझ्या शब्दांत सांग" म्हणायचं. घरच्या बोलीत सांगू द्या. "न्हाई", "व्हतं" म्हटलं म्हणून तिथे टोकू नका. प्रमाण भाषा पुढे येईल, आधी अर्थ येऊ द्या. ज्यांच्या घरी कानडी किंवा हिंदी बोलतात, त्यांनी त्या भाषेत सांगितलं तरी हरकत नाही.

तिसरं, उत्तर आलं की एकच शब्द विचारा, "कशावरून?" ज्या बाईने आयुष्यात शाळेचं तोंड पाहिलं नाही तीही हा शब्द विचारू शकते, आणि पोराला पुन्हा पुस्तकात बोट ठेवावं लागतं.

चौथं, पोराला आपल्याला प्रश्न विचारू द्या. १९८४ साली अमेरिकेत पॅलिंक्सर आणि ब्राउन या दोघींनी, अक्षरं येतात पण अर्थ लागत नाही अशा मुलांबरोबर हेच केलं. थोडक्यात सांगणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं आणि पुढचा अंदाज करणं, या चार गोष्टी मुलं आळीपाळीने मास्तर होऊन करत. त्यांना चांगला फरक दिसला. ती मुलं मोठी होती, सातवीच्या आसपासची. पण आमच्या तिसरी-चौथीच्या पोरांनाही मास्तर व्हायला भारी आवडतं.

पाचवं, पोरांशी बोला. बांध, मोट, सुगी, मतदान, ग्रहण हे शब्द ज्याने कधी ऐकलेच नाहीत, त्याला धडा कसा कळणार? १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी केलेला एक प्रयोग आमच्या वाचनात आला. वाचनात कच्ची पण बेसबॉलची माहिती असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा, त्या खेळाचा उतारा जास्त चांगला समजली. आपली पोरं क्रिकेटची बातमी कशी बरोबर समजतात, तसंच ते. म्हणून बाजाराला नेताना, एसटीत बसल्यावर, दवाखान्याच्या रांगेत पोराला हे काय, ते कशाला, हे सांगत जा. तो अभ्यासच आहे.

बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी स्वतः मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देत. बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाची चौकशी करणारे केळुसकर गुरुजी भेटले आणि १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही वाचनात सोबत होती. मग आपल्या पोरांनी एकट्याने कोपऱ्यात बसून शिकावं अशी अपेक्षा आपण कशी धरतो?

शेवटी समितीला एक विनंती. सभागृहात पुस्तकांचं कपाट आहे, त्याला कुलूप नको. पुस्तकं फाटली तर फाटू द्या, आम्ही चिकटवू. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. आणि रोज संध्याकाळी अर्धा तास प्रत्येक गल्लीतून एक मोठं माणूस इथे यावं. शिकवायला नको, नुसतं ऐकायला आणि "कशावरून?" विचारायला. सोमवारपासून सात वाजता आम्ही दार उघडून बसतो. कोण कोण येणार ते खाली उतरल्यावर आमच्या वहीत नाव सांगा.

 जय भीम.